आडवी माणसं, उभे डोंगर

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा माझ्या ओठांत खिळे धरलेले होते, त्यामुळे बोलायचं सगळं त्यालाच बोलावं लागलं.

आत्याचं फ्रेमचं दुकान. बाहेर वारा सुटला होता आणि मी एका आरशाची पाठ ठोकत बसले होते. तो आत आला तो कागदाची लांब गुंडाळी छातीशी धरून, झोपलेलं बाळ धरावं तशी.

"फ्रेम करायच्या होत्या," तो म्हणाला. "वाचनालयाच्या हॉलमध्ये माझ्या फोटोंचं प्रदर्शन आहे. पहिलंच... शनिवारपर्यंत होतील?"

मी मान हलवली.

"नक्की ना?"

मी पुन्हा मान हलवली.

"तुम्ही... रागावलाय का?"

मी खिळे तळहातावर काढले. "नाही. गिळायचे नव्हते."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जरा जास्त मिटतो, हे मी तेव्हाच पाहिलं. पाहायचं काही कारण नव्हतं.

गुंडाळी उलगडली आणि मी बुचकळ्यात पडले. माणसांचे सगळे फोटो आडवे होते. माणूस एका कडेला आणि उरलेली जागा मोकळी. डोंगर, दऱ्या, रस्ते मात्र उभे, दाराच्या फटीतून पाहिल्यासारखे.

"उलट झालंय का काही?" मी विचारलं.

"मुद्दाम केलंय."

माझ्यातली कारागीर जागी झाली. मी माउंटच्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी कोपरे घेतले, एका म्हाताऱ्या नावाड्याच्या फोटोवर ठेवले आणि मोकळी बाजू झाकून टाकली. उभ्या चौकटीत नावाड्याचा चेहरा छान भरून आला.

"बघा, किती नीटस दिसतो."

"दिसतो. पण आता तो बघतोय कुठे?"

मी पाहिलं. नावाडी पुठ्ठ्याच्या कडेकडे बघत होता. कोपरे बाजूला केले, तर समोर धुक्यातली सगळी नदी पसरली, आणि म्हातारा एकदम मोठा झाला.

"आणि डोंगर उभे का?" मी जरा खालच्या आवाजात विचारलं.

"डोंगराच्या पायथ्याशी उभ्या राहिलात तर मान बाजूला वळवता की वर करता?"

माझी मान नकळत वर झाली होती, आणि त्याने ते पाहिलं.

असल्या मापाच्या तयार फ्रेमा नव्हत्या. सगळ्या नव्याने कापायच्या होत्या. तो रोज संध्याकाळी स्टुडिओतलं काम आटोपून "मदतीला" येऊ लागला. त्याची मदत म्हणजे काचेचं दुसरं टोक धरणं. काचेच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो — आणि मध्ये सगळं लख्ख दिसत असताना दोघंही काचेवर डाग शोधायचो.

"या मुलाला घरदार आहे की नाही?" आत्याने एकदा मला विचारलं.

"मला काय ठाऊक?"

"मग लाल कशाने झालीस? काच तर थंड असते."

बुधवारी तो आला तो पडलेल्या चेहऱ्याने. ग्रंथपाल बाईंनी फोटोंचे नमुने पाहिले होते. लोक म्हणतील, घाईत चुकीचे छापले, असं त्यांचं म्हणणं पडलं. माणसं उभी आणि देखावे आडवे करा, नाहीतर हॉल दुसऱ्या कुणाला देऊ. स्टुडिओचे मालक तर हेच वर्षभर सांगत होते.

"कापून टाका," तो म्हणाला. "इतक्या लोकांना चूक वाटतंय म्हणजे चूकच असेल."

"नाही कापणार."

"अहो, फोटो माझे आहेत."

"कटर माझा आहे."

दुसऱ्या दिवशी मी फ्रेम केलेला नावाडी उचलून वाचनालयात गेले आणि ग्रंथपाल बाईंच्या समोर भिंतीला टेकवून ठेवला. बाई आधी चष्म्यावरून बघत होत्या, मग चष्म्यातून. हळूहळू त्यांची मान नावाडी बघत होता त्या बाजूला वळली. तिथे त्यांचं पुस्तकांचं कपाट होतं, तरी त्या थोडा वेळ तिकडेच बघत राहिल्या.

"लावा," त्या म्हणाल्या. "सगळे असेच लावा."

मी धावतच दुकानात आले. तो आधीच येऊन दारात उभा होता. मी सांगितल्यावर तो मटकन स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून हसत राहिला. मग पिशवीतून आणखी एक फोटो काढला.

"हाही लावायचा आहे. हा मात्र उभाच राहू दे."

फोटोत एक सुरेख बाई होती, मान मागे टाकून हसणारी. कडेला काहीच जागा नाही. चौकटभर तीच.

एवढा हट्टी माणूस, आणि हिच्यासाठी नियम मोडला. मी "बरं" म्हणाले. त्या फोटोला दुकानातली सगळ्यात चांगली पट्टी लावली आणि पाठ अशी ठोकली की आत्या आतल्या खोलीतून बाहेर आली.

शनिवारी हॉल भरला. लोक नावाड्यासमोर थांबत होते, उभ्या दरीसमोर माना वर-खाली करत होते. मी कोपऱ्यात उभी होते. तेवढ्यात ती फोटोतली बाई आली, सरळ त्याच्यापाशी गेली आणि त्याचा गाल ओढला. मी पर्स उचलली. झालं तेवढं पुरे, घरी जाऊन झोपावं.

दारापर्यंत पोचले तर मागून एका जाड्या गृहस्थांचा आवाज आला. "मेहुणेबुवा, हा काय अन्याय? मी हिच्या शेजारी उभा होतो. माझा अर्धा फोटो कुठे गेला?"

"भावजी, तुम्हाला शिंक आली होती."

"सबंध फोटोत?"

"हो ना," ती बाई म्हणाली. "माझ्या धाकट्या भावाने आयुष्यात एकदाच कात्री चालवली, ती तुमच्यावर."

बहीण. सख्खी बहीण. मी दाराची कडी धरून तिथेच थांबले. मग हसू आलं, आणि ते थांबेना.

"निघालात?" तो मागे येऊन उभा होता.

"निघाले होते. आता नाही."

"एक विचारू? ताईच्या फोटोला मागे इतके खिळे का? लावताना पाहिले मी. नावाड्याला निम्मेही नाहीत."

"पक्का बसावा म्हणून."

"एवढा पक्का?"

मी जमिनीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मला वाटलं होतं ती तुझी... कुणीतरी आहे."

'तू' कधी तोंडून निघालं ते मलाही कळलं नाही.

"आठवडाभर काच धरून उभा राहत होतो," तो म्हणाला. "रोज ठरवायचो, आज विचारायचं. पण तू नाही म्हणालीस आणि माझ्या हातून काच सुटली तर, म्हणून..."

"आता हातात काही नाहीये."

त्याने हात पुढे केला. मी तो धरला. गर्दीतून आत्याने आमच्याकडे बघितलं, पदराने तोंड झाकलं आणि मुद्दाम एका डोंगराकडे वळून मान वर करून बघत राहिली.