बिनकठड्याच्या विहिरीवरची बाधा

"कुणाची हायस गं तू?" आबांनी अर्पितालाच विचारलं.

परभणीहून ती सुट्टीला राणीसावरगावात आली, की सगळ्यात आधी तिला हाक मारणारे हेच आजोबा. आज ते परक्यासारखे बघत होते. अंग घामानं निथळत होतं, हात थरथरत होते आणि पाय मळ्यातल्या बिनकठड्याच्या विहिरीकडं निघाले होते. चुलतभाऊ हरिओम आणि शेजारची पिंकी आडवी गेली, तेव्हा कुठं ते लिंबाखाली बसले.

काल-परवाही असंच झालं होतं. दुपारी जेवले की आबा ठणठणीत! विहिरीवरची बाधा आहे, असं घरच्यांनी ठरवूनही टाकलं होतं. मोठ्या माणसांनी एकदा बाधा म्हटलं, की विचार करायचं काम संपतं बघा. पिंकीचे दात वाजत होते. हरिओम एरवी लय शूर, पण तोही विहिरीकडं पाठ करायला तयार नव्हता.

अर्पिताही घाबरली होती. भुताला नाही, आबा आपल्याला कायमचे विसरले तर, याला. बाधा रोज सकाळचीच का येते? सकाळी आबा साखरेच्या आजाराची गोळी घेतात. शिवाय गल्लीतल्या व्यंकटरावांनी दिलेला रस पितात. कारलं, जांभळाच्या बिया, गुळवेल, सगळं एकत्र वाटलेलं. जितकं कडू तितकी साखर पळते, असं व्यंकटराव छातीठोक सांगायचे. रसाचा गुण जाऊ नये म्हणून दुपारपर्यंत भाकरीचा तुकडाही खायचा नाही, हाही त्यांचाच दंडक.

"गोळी हाय, रस हाय, पोटात मात्र काहीच न्हाई," ती पुटपुटली.

शाळेत तिच्या बाकावर बसणारी भक्ती साखरेसाठी सुई घेते. डबा खायला उशीर झाला, की तिलाही असाच घाम फुटतो आणि ती बरळायला लागते. अशा वेळी आधी गोड द्यायचं, हे बाईंनी सगळ्या वर्गाला शिकवलं होतं.

तेवढ्यात घरून कस्तुराबाई आजी अंगारा घेऊन आल्या. मागून व्यंकटराव रसाचा आणखी एक पेला घेऊन हजर. आबांना गोड द्या, असं अर्पितानं म्हणताच आजी भडकल्या. साखरेच्या माणसाला गोड देऊन जीव घेतेस का, म्हणाल्या. घरातून तर साखर-गूळ कधीच हद्दपार झाले होते. इकडं आबांची मान कलायला लागली.

"गोठ्यात गूळ हाय," हरिओम कुजबुजला. गाय नुकतीच व्याली होती, तिच्या खुराकासाठी आणलेला. तो पळत सुटला आणि ढेप घेऊन आला. मग भित्र्या पिंकीनं विहिरीकडं बोट दाखवून अशी किंकाळी फोडली, की व्यंकटराव पेला टाकून तिकडं धावले, मागोमाग आजी.

अर्पितानं उरलासुरला रस मातीत ओतला, पेल्यात पाणी घेऊन गूळ कालवला आणि आबांच्या ओठांना लावला. ते घोटघोट गिळत होते, तसा ती पेला आणखी कलता करत होती. आपलं चुकलं असेल तर?

आजी परतल्या. त्यांनी पेला हुंगला आणि हात उगारला. अर्पितानं रडू दाबून धरलं आणि ती आबांपुढून हलली नाही.

हळूहळू घाम आटला. आबांनी डोळ्यांची उघडझाप केली. "लय भूक लागली," ते म्हणाले.

भाकरी खाऊ घालून त्यांना गंगाखेडच्या दवाखान्यात नेलं. तरीही रक्तात साखर कमीच भरली. डॉक्टरांनी मोठ्यांनाच फैलावर घेतलं. कारल्याची भाजी खुशाल खा, पण गोळी चालू असताना विचारल्याशिवाय असले रस नकोत आणि गोळी घेऊन उपाशी राहणं तर मुळीच नको, असं बजावलं. पोरांनी वेळेवर गूळ दिला नसता, तर आबा हाती लागले नसते, असंही म्हणाले. व्यंकटरावांनी मान खाली घातली. आजीनं तिन्ही पोरांना जवळ घेतलं. उगारलेल्या हाताची आता आजींनाच लाज वाटत होती.

अर्पिता मात्र आबांकडंच बघत होती. कुणी विचारलं नव्हतं, तरी आबा डॉक्टरांना सांगत होते, "ही माझी अर्पिता हाय. माझी नात."

आता मात्र तिला रडू आवरेना.