कढत पाण्याची वलये

त्या हिवाळ्यात नाशिकच्या तापसाधन परीक्षण केंद्रात इतकी झुंबड होती की, आत प्रयोगशाळा आहे की जुन्या बाजाराचा मांडव, असा प्रश्न पडावा. कोणी आजेसासूबाईंची इस्त्री जुन्या लुगड्यात गुंडाळून आणली होती, तर कोणी वसतिगृहात कॉटखाली लपवून वापरलेली कॉईलची शेगडी. रेडिओवाल्यांची डाग द्यायची हत्यारे होती, लग्नात आलेला आणि पन्नास वर्षांत एकदाही न वापरलेला टोस्टर होता. प्रत्येकाला आपली वस्तू पास व्हायला हवी होती, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते, की आता अशी वस्तू मिळत नाही.

कायदा तसा साधा होता. विजेवर तापणारे कोणतेही साधन, नवे असो वा जुने, तपासून प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय वापरायचे नाही. आपल्याकडे कायद्यांना तोटा नाही, पण ह्या कायद्याला दात होते. घरोघरी बसवल्या जाणाऱ्या नव्या प्लगना समोरच्या साधनाचे प्रमाणपत्र ओळखता येई, आणि ते नसेल तर वीज मिळत नसे. सरकारी भाषेत त्याचे नाव ‘प्रमाणवेधी विद्युतखोबण’. लोक त्याला खडूस प्लग म्हणत. नापास झालेले साधन परतही मिळत नसे. ते तिथेच वितळवले जाई, कारण एकदा घरी गेले की कोणाच्या तरी जुन्या प्लगवर ते लागणारच, हे कायदा करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

सुमंत दिघे आपला पाणी तापवायचा रॉड कापडी पिशवीत घालून आले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हे गृहस्थ विद्युत निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. लोकांच्या न्हाणीघरांतून धोकादायक रॉड उचलून आणण्यात त्यांची हयात गेली होती, आणि आता ते स्वतःचा रॉड वाचवायला आले होते. ह्यातली गंमत त्यांना कळत नव्हती असे नाही. केंद्राच्या प्रमुख डॉ. रोहिणी ठोंबरे ह्यांना त्यांनी ती स्वतःच सांगितली, आणि मग थोडे थांबून म्हणाले, की मुलाने घेऊन दिलेला गीझर खोक्यात तसाच पडलाय, हा रॉड गेला तर आपल्याला फार वाईट वाटेल.

डॉ. ठोंबरे ह्यांना असे बोलणे रोज ऐकू येई. त्यांनी रॉड हातात घेतला. काळी मूठ, वेटोळे घातलेली नळी, बादलीच्या काठावर अडकवायचा आकडा. त्यांच्या आईकडेही असाच होता, आणि हिवाळ्यात सकाळी घरभर एकच आरोळी घुमायची, की रॉड चालू आहे, पाण्यात कोणी बोट घालू नका. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्या आरोळीची आठवण येऊन डॉ. ठोंबरे ह्यांना क्षणभर अगदी पोरके वाटले, आणि त्यांनी रॉड वलयवाचकात ठेवला.

वलयवाचक हे त्यांनीच बनवलेले यंत्र. त्याचे भेदक किरण नळीतून आरपार जाऊन आतली तापणारी तार बघत. दिघे निवृत्त झाले तेव्हा असले काही नव्हते, त्यामुळे ते खुर्ची पुढे ओढून बसले.

“हे नक्की काय बघतं?” त्यांनी विचारले.

“तारेचं आयुष्य. तार तापली की तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, आणि गार झाली की चढायचा थांबतो. एकदा तापणं म्हणजे एक वलय. झाडाच्या खोडात असतात तसं.”

“आणि जास्त वेळ तापली तर वलय जाड.”

“बरोबर. हिवाळ्यात पाणी गार असतं, तापायला वेळ लागतो, म्हणून हिवाळ्याची वलयं जाड आणि उन्हाळ्याची बारीक. त्यामुळे वर्षंसुद्धा मोजता येतात.”

“मग नापास कधी?”

“प्रत्येक वलयाला तारेचा थोडा धातू खर्च होतो. शिवाय दर वेळी तार ताणली जाते, आखडते, आणि तिच्याभोवतीची रोधक भुकटी सैल होते. एका मर्यादेपलीकडे ती भुकटी वीज अडवू शकत नाही. त्या मर्यादेला आम्ही थांबतो.”

दिघ्यांना हे फार पटले. वस्तू किती वर्षांची झाली ते न बघता ती किती वेळा तापली ते बघायचे, हे त्यांच्या काळी कोणाला सुचले असते तर कितीतरी चांगल्या इस्त्र्या भंगारात गेल्या नसत्या, असे ते म्हणाले. रॉडची मर्यादा किती वलयांची ते त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते आणि घरी आकडेमोडही केली होती. पत्नी आठ वर्षांपूर्वी वारली. आधी रोज दोन आंघोळी, नंतर ते एकटेच. त्या हिशेबाने रॉड आरामात पास होत होता.

पडद्यावर वलये उमटू लागली. अगदी आतली, म्हणजे सर्वांत जुनी, आधी. एक जाड, एक बारीक, पुन्हा एक जाड, एक बारीक. अशी जोडीने ती पुढे जात होती.

“ह्या घरात रोज दोन प्रकारचं पाणी तापायचं,” डॉ. ठोंबरे म्हणाल्या.

दिघे पडद्याकडे बघतच राहिले. मग हसले. जाड वलय बायकोचे, कुमुदिनीचे, ते म्हणाले. ती दूध डेअरीत नमुने तपासायच्या कामावर होती आणि पहिल्या पाळीला जायची. तिला पाणी लागायचे कढत. कोंबडी सोलायची आहे का, असे ते रोज विचारत, आणि कोमट पाण्याने आंघोळ करणाऱ्या माणसाने बोलू नये, असे ती रोज सुनवायची. नवरा विद्युत निरीक्षक असल्यामुळे रॉडला तिने हात लावायचा नाही, असा घरात नियम होता. म्हणून तिचे पाणी तेच तापवत. बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड बाहेर, आणि त्यानंतरच तिला हाक. ती आंघोळ करून निघून गेली की मग त्यांची बादली. सगळा संसार ह्या क्रमाने झाला, आणि आता तो त्यांच्यासमोर रेघांनी काढून ठेवला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

डॉ. ठोंबरे ह्यांचे सहकारी अझीम मुजावर शेजारच्या मेजावर वलये मोजत होते. त्यांनी एका ठिकाणी पडदा थांबवला. एक वलय काळेकुट्ट आणि बाकीच्यांच्या कितीतरी पट जाड होते.

“हा कोरडा ताप आहे,” मुजावर म्हणाले. “पाणी आटून गेलं तरी रॉड चालूच राहिला.”

दिघ्यांनी मान हलवली. त्या दिवशी पाणी तापत ठेवून ते कुमुदिनीला उठवायला गेले होते. ती उठली नाही. मग डॉक्टर, शेजारी, मुलाला फोन. रॉड पितळी बादलीत तसाच चालू होता आणि तो कोणीतरी खूप उशिरा बंद केला. आयुष्यात तेवढी एकच चूक झाली, असे ते म्हणाले.

डॉ. ठोंबरे ह्यांनी त्यांना पाणी दिले आणि सांगितले, की एका कोरड्या तापाला नियमात माफी आहे, आतली भुकटी शाबूत दिसते आहे, त्यामुळे ह्या कारणाने रॉड नापास होणार नाही. दिघ्यांना हायसे वाटल्याचे दिसले. मुजावरांनी पडदा पुढे सरकवला.

ते काळे वलय मागे पडले. त्यानंतर पुन्हा एक जाड, एक बारीक. एक जाड, एक बारीक. तीच जोडी पहिल्यासारखी चालली होती, हिवाळ्यात फुगत, उन्हाळ्यात ओसरत, थेट आज सकाळपर्यंत.

मुजावरांनी सरळ विचारले, “काका, घरात भाडेकरू ठेवलाय का?”

“नाही. मी एकटाच असतो.”

डॉ. ठोंबरे ह्यांना मात्र लख्ख कळले. आज सकाळीसुद्धा कढत पाण्याची एक बादली कोणासाठी तरी तापली होती. त्यांनी फक्त एवढेच विचारले, की त्या पाण्याचं पुढे काय करता.

“गार झालं की गॅलरीतल्या झाडांना घालतो,” दिघे म्हणाले. “वाया नाही घालवत.”

मग त्यांच्या लक्षात आले. माणूस शेवटी निरीक्षक होता. घरी केलेल्या आकडेमोडीत त्यांनी आठ वर्षे रोज एकच बादली धरली होती. तिच्या बादलीचा हिशेब करायचा असतो, हे त्यांना सुचलेच नव्हते. पाणी वापरणारे कोणी नव्हते, म्हणून त्यांच्या लेखी वापरही नव्हता. तारेला मात्र माणसे कळत नाहीत. तिला ताप तेवढा कळतो.

“ओलांडली का मर्यादा?” त्यांनी विचारले.

“ओलांडली. ह्याच हिवाळ्यात,” मुजावर हळूच म्हणाले.

डॉ. ठोंबरे खिडकीकडे बघत राहिल्या. एक सही केली असती तर कोणाला कळलेही नसते. पण ओल्या फरशीवर उभे राहून हा म्हातारा उद्या सकाळी पुन्हा ह्याच रॉडचे बटण दाबणार होता. त्या काही बोलायच्या आत दिघ्यांनीच हात वर करून त्यांना थांबवले. असल्या रॉडपायी गेलेली माणसे आपण पाहिली आहेत, ते म्हणाले, तुम्ही सही केलीत तरी मी तो घरी नेणार नाही.

“मला एक सांगा,” ते पुढे म्हणाले. “ती गेल्यावर मी फक्त माझंच पाणी तापवलं असतं, तर?”

हे सांगावे की नाही, असा डॉ. ठोंबरे ह्यांना प्रश्न पडला. पण समोरच्याला गणित येत होते.

“तर पास झाला असता. अजून सात-आठ वर्षं सहज टिकला असता.”

“आणि ती सात-आठ वर्षं तो माझ्या एकट्याचंच पाणी तापवत बसला असता,” दिघे म्हणाले. “मग झालं ते बरं झालं.”

रॉड त्यांनी स्वतःच्या हाताने भट्टीच्या तबकात ठेवला. ठेवताना मूठ थोडा वेळ धरून ठेवली, आणि मग सोडली.

नापास साधनाच्या बदल्यात केंद्राकडून त्याच जातीचे नवे साधन मिळे. मुजावरांनी नवाकोरा रॉड कपाटातून काढला आणि त्याच्या प्रमाणपत्राची माहिती भरायला घेतली. प्रमाणपत्राची मुदत वापरावर ठरत असे, म्हणजे घरात जितकी माणसे जास्त तितकी ती कमी. मुदत संपली की खडूस प्लग आपणहून वीज बंद करी. म्हणून हा आकडा खरा असावा लागे.

“घरात आंघोळीला माणसं किती?” मुजावरांनी विचारले. दिघे भट्टीच्या तबकाकडे बघत होते.

“दोन,” डॉ. ठोंबरे म्हणाल्या.

मुजावरांनी दोन लिहिले, आणि रॉडची मुदत निम्म्यावर आली.