आधी नळी, मग बेअरिंग

"ओ मॅडम, तुमचं पुढचं चाक डुलतंय!"

रस्त्यात मुलींना थांबवायच्या नाना तऱ्हा मी ऐकल्या होत्या, पण ही नवीन होती. मी गाडी पळवली. तोही शेजारून पळवत आला. "खरंच डुलतंय हो… आईची शपथ!"

वैतागून थांबले. शनिवारची दुपार होती. बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या लॅबमधली शिफ्ट संपवून मी कऱ्हाटीला घरी निघाले होते. त्यानं हेल्मेट काढलं, पुढचं चाक धरून हलवलं – कट्, कट्.

"बेअरिंग गेलंय."

नाव अविराज, गाव इंदापूरकडचं, एमआयडीसीतच एका कारखान्यात मशिनवर. त्याची गाडी हुबेहूब माझ्यासारखी, नंबर तेवढा वेगळा. डोळे… बरे होते. मी बघितले नाहीत, दिसले.

आमच्या गावचा मेकॅनिक झुंबर नेमका लग्नाला गेलेला. सोमवारी माझी सकाळी सहाची शिफ्ट. त्या वेळेला पोचवणारी एसटी नाही. दोन लेट मार्क आधीच झाले होते. तिसरा झाला की उद्यापासून येऊ नका, असं साहेबांनी सुनावलं होतं.

"घरीच बदलू की. उद्या येतो," तो म्हणाला.

"आधी कधी बदललंय?"

"बघितलंय… दोनदा."

मी तिथंच नाही म्हणायला हवं होतं.

रविवारी तो बेअरिंगची जोडी घेऊन आला आणि आल्या आल्या ती फ्रीझरमध्ये ठेवायला लावली. गारठ्यानं आकसतात म्हणे, मग चाकात सहज बसतात. आईनं श्रीखंडाचा डबा सरकवून जागा केली. तिचा चेहरा बघण्यासारखा होता. दोन बेअरिंगच्या मधे एक लोखंडी नळी असते, तिला स्पेसर म्हणतात, नट आवळला तरी ती बेअरिंग चेपू देत नाही – हे त्यानं मला चांगलं दहा मिनिटं समजावलं. काढलेली नळी मी बाकीच्या सामानासोबत ताटात ठेवली. आबा बाजेवर बसून देखरेख करत होते.

"हळू ठोक रं! चाक हाय ते, नारळ न्हाय."

एक बेअरिंग बसलं. दुसरं बसलं. चाक चढवलं, नट आवळला… आणि चाक जाम. फिरेचना.

"नळी घातली का?" मी विचारलं.

त्यानं ताटाकडं बघितलं. मीही बघितलं. ताटात नळी नव्हती आणि चाकातही नव्हती. ती स्वयंपाकघरात सापडली. काळीकुट्ट दिसली म्हणून आईनं ती घासून, धुऊन, पेल्यांच्या शेजारी उभी करून ठेवली होती. चकचकीत.

"अहो, पण तुमच्या ध्यानात कसं आलं नाही?"

"तुमी तवा… केस बांधत हुता," तो चाकाकडं बघत पुटपुटला.

आबा खोकले. मी आणखीच चिडले. एकदा बसवलेलं बेअरिंग ठोकून काढलं की कामातून जातं, आणि पार्टचं दुकान रविवारी बाराला बंद होतं. साडेबारा वाजले होते.

"उद्या माझी नोकरी जाईल, कळतंय का तुम्हाला?" माझा आवाज रडवेला झाला.

त्याचा चेहरा उतरला. त्यानं स्वतःच्या गाडीचं पुढचं चाक काढलं आणि घामाघूम होऊन माझ्या गाडीला बसवलं. त्याची गाडी विटांवर टेकवली. माझ्या गाडीचं चाक आता गर्रकन फिरलं.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. दोन्ही गाड्या निरखून म्हणाली, "आगं, त्यापरीस ह्यांची गाडीच न्यायची हुती की!"

आबांनी कपाळाला हात लावला. मी अविराजकडं बघितलं. त्याला काही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

फाट्यावर त्याला एसटीला सोडलं, तेव्हा विचारलंच. "तुम्हाला आधीच सुचलं होतं ना?"

"व्हय."

"मग?"

"गाडी दिली असती तर न्यायला एकदाच यायचं हुतं. चाकाचं काय… बसवायला यायचं, नंतर तपासायला यायचं…" त्यानं मान वर केली. "मला तुमी आवडता. चिडल्यावर तर लय."

एसटी आली आणि तो चढला. असं बोलून निघून जायचं म्हणजे काय!

सोमवारी मी पावणेसहाला गेटवर हजर होते. त्या आठवड्यात तो मात्र डबा हलवत एसटी थांब्यावरून पायी येताना दिसायचा. माझी चिडचिड व्हायची. कधी त्याच्यावर, जास्त स्वतःवर. शुक्रवारी तो दिसला नाही, तर त्याहून जास्त झाली. तेव्हा मला कळून चुकलं.

रविवारी तो नवं बेअरिंग घेऊन आला. आईनं न सांगता श्रीखंडाचा डबा सरकवला. नवं बेअरिंग ठोकायच्या आधी मी नळी त्याच्या हातात ठेवली.

"आधी नळी, मग बेअरिंग. तोवर माझ्याकडं बघायचं नाही."

"आणि मग?"

"मग हात धुवायचे…" मी हळूच म्हणाले, "आणि हवं तेवढं बघ."

त्यानं इतक्या घाईनं हातोडा उचलला की बाजेवरून आबा ओरडले, "हळू रं!"