रकाना रिकामाच

उत्कर्ष मला पहिल्यांदा दिसला तो नुसते पायच! बाकीचा सगळा टेबलाखाली, वायरी जोडत होता. मी घाबरून ओरडले, तो दचकून उठला आणि त्याचं डोकं टेबलाला आपटलं. अशी आमची ओळख.

रिसोडच्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब मी सांभाळते. सुट्टीत पोरं सोयाबीन काढायला गावी गेली, की तिथं मी आणि पंख्याचा आवाज. मैत्रिणी पुण्याला, ताई सासरी. दिवस दिवस कुणी 'वैभवी' म्हणून हाक मारत नाही. त्यात हा आसेगावचा मुलगा आला – कोणत्या मशीनमध्ये किती जागा उरली, त्याची यादी करायला. यादी झाली की तो जाणार. म्हणून ती लांबावी असं मला वाटायचं... खरंच वाटायचं.

दुसऱ्या दिवशी त्याने हाक मारली.

"मॅडम, पाहा ना. रकाना रिकामाच येऊन राह्यला."

तो ज्यात हुकूम टाइप करत होता, त्या पॉवरशेलची ही खोडच आहे. प्रॉपर्टीचं, म्हणजे हव्या त्या माहितीचं नाव चुकलं तरी तक्रार करत नाही, गुपचूप रिकामा रकाना दाखवतं. त्याने 'फ्रीडिस्क' लिहिलं होतं.

"अंदाजानं कायले लिहिता?" मी म्हणाले. "'गेट-मेंबर' लावा. ज्याची माहिती पाह्यजे त्यालेच इचारा, तुह्यात काय काय हाये म्हणून."

मी ते चालवून दाखवलं. नावांची रांग उतरली, त्यात होतं 'फ्रीस्पेस'.

"तुमी जवळ असल्या का लवकर सापडते," तो म्हणाला. माझे कान तापले.

मग तो रोज कुठं ना कुठं चुकायचा आणि मी रोज त्याच्या शेजारी जाऊन बसायची.

शुक्रवारी पुन्हा तेच. तो पाणी आणायला बाहेर गेला होता. आधी काय लिहिलंय ते बघायला मी वरच्या बाणाची कळ दाबली... आणि थबकले. बरोबर नाव सकाळीच लिहून झालं होतं. यादीची फाइलही पूर्ण तयार होती, तिच्यावर सकाळची वेळ. चुकीचं नाव त्यानंतर टाकलेलं!

तो दारात उभा, हातात बाटली.

"हे तं सकाळीच निघालं होतं. मंग हे नाटक काहून?"

"यादी देली का मले जा लागते." तो बाटलीचं झाकण फिरवत राहिला. "अन् तुमी... काही चुकलं तरच बाजूले येऊन बसता."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. कुणीतरी माझ्यासाठी थांबावं, असं कधी झालंच नव्हतं.

"यादी पाठवा," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. त्याने यादी पाठवली, बॅग खांद्याला लावली.

"आता काही काम नाई ना तुमाले?" मी विचारलं.

"नाई."

"मंग बसा." मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढली. "मले तुमच्याशी बिनकामाचं बोलाचं हाये."