आत्याचं वजन

"यांना घरी न्या," तो नवा डॉक्टर म्हणाला आणि माझा पाराच चढला.

आत्याला धाप लागली की टॅक्सी करायची, हॉस्पिटलात भरती करायचं, हा आमचा नेमच होता. तिच्याशिवाय मला होतं कोण?

"घरी काही झालं तर तुम्ही येणार आहात का?" मी फणकारले.

"येईन की!" माझ्याकडे बघून तो चक्क लाजला. "म्हणजे... आधी फोन करीन. आजींचं हृदय थकलंय, अंगात पाणी साठतं. मीठ कमी, रोज वजन. वाढलं की लगेच गोळी वाढवू. मग भरती कशाला?"

"आजी कोणाला म्हणतोस रे?" आत्या कडाडली.

संध्याकाळी खरंच फोन वाजला.

"आत्याबाईंचं वजन?"

मी सांगितलं.

"पायांवर सूज?"

"नाही."

"आणि... तुम्ही जेवलात?"

हा प्रश्न कुठल्या डॉक्टरी पुस्तकात होता, कोण जाणे! त्या फोनची घंटा आज, या वयातही, माझ्या कानात आहे. ती वाजायच्या कितीतरी आधीपासून मी फोनपाशी घुटमळत असे.

"वजन माझं," आत्या म्हणायची, "आणि गाल हिचे लाल!"

एकदा वजन भराभर चढलं. पाय सुजले. मी फोनवर रडकुंडीला आले. "आत्ताच घेऊन येते तिला!"

"थांबा, मीच येतो."

ड्यूटी संपवून तो धावतच आला. छाती तपासली, गोळी वाढवली आणि आत्याच्या उशीखालून मिठाची डबी ओढून काढली.

"चोर!" आत्या म्हणाली.

"कोण, आत्याबाई?"

मी इतकी हसले, की तो बघतच राहिला.

सूज उतरली, भरती टळली. आत्या सावरत गेली तशी मी हरखले... आणि धास्तावलेही. ती बरी झाली की फोन बंद!

शेवटी ती संध्याकाळ आलीच. खोटं वजन अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

"वजन स्थिर. सूज नाही. आज एकटी बाजारात जाऊन आली. आता रोज फोनची गरज नाही, असं तुमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई सकाळी तिला तपासून म्हणाल्या."

"अरेरे..."

"डॉक्टर! पेशंट बरा झाला आणि अरेरे?"

"नाही, आनंदच आहे! पण... उद्या मी कशासाठी फोन करू?"

मी रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला.

"उद्या फोन करू नका."

"बरं..." आवाज पार खोल गेला.

"घरी या. उगीचच."

पलीकडे धाडकन काहीतरी आदळलं.

रिसिव्हरला पलीकडून कान लावून बसलेल्या आत्याने विचारलं, "काय गं, फोन पडला की माणूस?"