वीरभद्रप्पांचा पुसत चाललेला आवाज

हे सांगून कुणी खरं मानणार न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. अख्ख्या हुलसुरात कुणी मानलं नाही. पण ज्यांच्या घरात हे घडलं त्या रत्नाक्का इथं समोरच तूर निवडत बसल्यात. खोटं वाटलं तर त्यांनाच विचारा.

वीरभद्रप्पांना माती देऊन महिना होत आला होता. एका दुपारी रत्नाक्कांनी पोलीस ठाण्यात फोन लावला.

"आमचे मालक कॉम्प्युटरातनं येऊन आपली गाणी परत न्यायलेत. आज आणखी एक गेलं."

हवालदार सुधारानी हसल्या नाहीत. या घरची एक तक्रार त्यांच्याकडं आधीच होती. वीरभद्रप्पा लग्नपत्रिका करायचे. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. सकाळी लिंगपूजा उरकली की दुकान उघडायच्या आधी त्याच लॅपटॉपवर स्वतःच्या आवाजात बसवण्णांची वचनं गाऊन रेकॉर्ड करून ठेवायचे. मातीच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना तो लॅपटॉप नाहीसा झाला होता.

सुधारानी आल्या तेव्हा माजघरात जुना मोठा कॉम्प्युटर सुरू होता. त्याच्यासमोर चहाची कपबशी. चहावर साय धरली होती.

"हा कुणाला?"

"त्यांनाच."

"लॅपटॉपमधलं सगळं ह्याच्यातबी हाय म्हणता?"

"व्हय. घरातल्या वायफायवरनं आपोआप यायचं. लॅपटॉप बिघडला तर नड नको म्हणून त्यांनीच जोडून घेतलेलं. 'तिकडं जसं हाय तसंच्या तसं इकडं पाहिजे' म्हणून."

"अन् आता?"

"गाणी कमी व्हायलीत. हात न लावता. दुसरा आवाज न्हाई बाई त्यांचा माझ्याजवळ. फोनवर न्हाई, कशात न्हाई. हे संपलं की संपलं."

एवढ्यात, बघा, पडद्यावरची यादी आपणहून हलली. माउसला कुणाचं बोट नव्हतं. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आणखी एक गाणं गेलं. त्याच्या जागी एक नवी पत्रिका आली. अर्धवट. जणू कुणी ती आताच, इथंच बसून करत होतं.

रत्नाक्कांनी कपबशी थोडी पुढं सरकवली.

पुतण्या नागेंद्र दारात उभा होता. कलबुर्गीहून आलेला, काकूला घेऊन जायच्या खटपटीत.

"काकू, भंगारात टाका ते. मशीन खराब झालंय."

"तू किती दिवस हाईस इथं?" सुधारानींनी विचारलं.

"मातीपासनं. कामून?"

"काकूनं हे घर सोडावं असं वाटतंय तुला?"

"एकटी बाई मेलेल्या माणसाला चहा करून ठेवायलीय. तुम्हाला काय वाटंल?"

सुधारानी भिंतीपलीकडं गेल्या. तिथं बालाजीनं नवं दुकान टाकलं होतं. तो वीरभद्रप्पांच्या हाताखाली वाढलेला. डोळे सुजलेले, जागरणानं की रडून, कळत नव्हतं.

"वीरभद्रप्पांच्या गाण्याचं ऐकलंस का?"

"गावच बोलतंय, मॅडम. अप्पांचा जीव कामात अडकलाय म्हणत्यात."

"तू त्यांच्याकडं काय करायचास?"

"सगळं. नावं, मुहूर्त, वेलबुट्टी. फकस्त वरची ओळ अप्पा स्वतः घालायचे. कुणाच्या घरात कोण पुजलं जातं, ते माझं काम, म्हणायचे."

सुधारानी माजघरात परतल्या. नव्या पत्रिका एकेक उघडून पाहिल्या. एका पत्रिकेवर त्या बराच वेळ थांबल्या. मग दुकानातून बालाजीला बोलावून घेतलं.

"मेलेला माणूस आला असता तर एवढी चूक केली नसती," त्या म्हणाल्या. "ही बसवप्रभूंच्या लेकीची, नेत्रावतीची पत्रिका. वर काय लिहिलंय, नागेंद्र?"

नागेंद्रनं वाकून पाहिलं. "श्रीगणेशाय नमः? त्यांच्या घरात? ते बसवण्णांशिवाय कुणाचं नाव घालत न्हाईत. हे त्यांनी बघितलं तर पत्रिका तोंडावर फेकतील."

"तुला लगेच दिसलं. असल्याच घरात वाढलास. अप्पांनाबी दिसलं असतं. मग हात कुणाचा?"

बालाजी खाली बघत होता.

"ऐका," सुधारानी म्हणाल्या. "इकडं जे होतंय ते लॅपटॉपवर होतंय. तिकडं नवं केलं की इकडं येतं, तिकडं पुसलं की इकडचंबी पुसलं जातं. अप्पांनी जपून ठेवायला म्हणून आरसा बसवला. आरशात वेगळं काही शिल्लक राहत न्हाई. पण त्यासाठी लॅपटॉप ह्या घरच्या वायफायच्या टप्प्यात पाहिजे. पासवर्ड चोराला ठाऊक नसला तरी लॅपटॉपला ठाऊक होता. तो उघडला की आपणहून घर शोधायचा. टप्प्यात दोघंच. घरात नागेंद्र, भिंतीपलीकडं बालाजी. अन् ज्याला अप्पांनी वरची ओळ कधी घालू दिली न्हाई, तो आपल्या सवयीनं गणपतीच घालणार."

बालाजी गेला आणि लॅपटॉप घेऊन आला. टॉवेलात गुंडाळलेला.

"सगळे नमुने ह्यातच होते, अक्का. नागेंद्र लॅपटॉप कलबुर्गीला घेऊन जाईल वाटलं. मग माझ्याजवळ काय राहणार? मशीन भरलं, चालंना झालं. म्हणून मोठ्या फायली पुसत गेलो. नावं नव्हती त्यांना, नुसते आकडे होते."

"पुसायच्या आदी ऐकलंस का एखादं?" रत्नाक्कांनी विचारलं.

"न्हाई."

"ऐकलं असतंस तर पुसलं नसतंस."

लॅपटॉपवर एकही गाणं उरलं नव्हतं. माजघरात तर नव्हतंच. जाणत्या माणसाकडून शोधून घेतलं, काही मिळालं नाही.

आता खरी गोष्ट इथं आहे. दुसऱ्या दिवशी मी सहज डोकावायला गेलो, कॉम्प्युटर सुरू केला, आणि त्यात एक गाणं होतं. नवं. वीरभद्रप्पांच्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुणी ठेवलं, कुठून आलं, सुधारानींनासुद्धा उलगडलं नाही. रत्नाक्कांनी डोळे मिटून ऐकलं आणि त्या दिवसापासून कपबशी ठेवायचं बंद केलं. माणूस आपला आवाज बायकोला देऊन मगच गेला. विचारा त्यांना.

रत्नाक्कांनी सूप खाली ठेवलं.

"आप्पाराव, मालक गायला बसले की मी चूल पेटवत नव्हते, भांड्याला भांडं लागू देत नव्हते. तुमच्या त्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला कुकरची शिट्टी होती. तुमच्या घरच्या, कमलबाईच्या कुकरची, मधीच तुटणारी. बंद झाली की तुम्ही परत सूर धरलात."