खोटं ठरावं असं भाकीत

"तुमच्या घरात जातीबाहेर लग्न केलंय का कुणी?"

कोरेगावच्या एसटी स्टँडवर ब्राह्मीनं शेजारच्या तरुणाला विचारलं. बाहेर अवकाळी पाऊस झोडपत होता, तासगावची गाडी यायचं नाव नव्हतं. समाजशास्त्राच्या पीएच.डी.साठी आणखी एक मुलाखत पदरात पडली तर बरंच की!

"अजून तरी न्हाई," तो म्हणाला. मग हळूच... "तुमचा काय इचार हाय?"

ब्राह्मीचे कान तापले. बाई गं, काय हा आगाऊपणा! आणि वर ते हसरे डोळे...

हा धैर्यशील. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. समाजशास्त्र म्हणताच त्यानं नाक मुरडलं. "ह्ये कसलं शास्त्र? उसाचा रस हातात आला की साखर किती पडंल, त्ये मी आधी सांगतो. तुमी माणसाचं सांगून दावा की!"

"दावते की!"

ते भांडण मग सांगलीत चहावर, मिरजेच्या फलाटावर, फोनवर चालूच राहिलं, आणि वर्षभरात त्यात शास्त्र नावापुरतं उरलं. ती कांदा-लसूण खात नाही म्हणून हा गडी तिच्यासमोर भेळसुद्धा कांद्याविना खाऊ लागला. प्रेम म्हणजे आणखी काय असतं?

पण ती जैन, तो मराठा. तिनं स्वतःच्या घरी सांगून टाकलं होतं, आणि तेव्हापासून तिचे वडील, अण्णा, तिच्याशी बोलत नव्हते. आता तो "आई-आबांना सांगतो" म्हणाला, तेव्हा तिला आपल्या मुलाखती आठवल्या. अशा कितीतरी घरांत बसून तिनं माणसांची रडगाणी ऐकली होती.

"काय हुईल त्ये सांगू?" ती त्याच्याच बोलीत म्हणाली. "कुणी वरडणार न्हाई. आई गोडधोड करून वाढंल. आबा म्हणतील, आमची ना न्हाई, पण भावकीला इचारावं लागंल. भावकी म्हणंल, आधी तुझ्या भनीची सोयरीक जमू दे. आणि तू..."

"मी काय?"

"तू म्हणशील, थोडं थांबूया."

तो खदखदून हसला. "आमची धाकटी क्रांतीच इचारती, दादा, वैनी कवा आणतोस! आमचं घर तसलं न्हाई गं." त्यानं तिचा हात घट्ट धरला. देवाशपथ, आपलं शास्त्र तोंडावर पडावं असं तिला तेव्हा मनापासून वाटलं.

आठवड्यानं तो मिरज स्टेशनवर भेटला. मान वर करेना.

"आईनं पुरणपोळी केलती... आबा म्हणले, आमची ना न्हाई..."

"फुडचं ठावं हाय मला."

"क्रांतीचं जमत आलंय, ब्राह्मी. थोडं... थोडं थांबूया." त्यानं हसायचा प्रयत्न केला. "जिकलीस तू. तुझं शास्त्र खरंच शास्त्र हाय."

तिचे डोळे भरून आले. हरली असती तर आज ती नाचली असती!

"न्हाई रं. माणसाला आधी सांगितलं, तर त्यो बदलू शकतोय. म्हणून तर तुला सांगितलं हुतं."

साताऱ्याकडची गाडी लागली, तसा तो चढला आणि दारातच उभा राहिला. 'उतर' म्हण, असं त्याचे डोळे तिला विनवत होते. आता तेसुद्धा तिनंच सांगायचं होतं... ब्राह्मी गप्प राहिली. गाडी हलली, तरी तो दारातच होता.